नाव झाकलेलं बाड

विद्यापीठाचा प्रकाशन विभाग परीक्षा विभागाच्या पाठीमागे दोन खोल्यांत राहत होता. राहत होता असंच म्हणायला हवं, कारण त्याची अवस्था भाडेकरूची होती. परीक्षावाल्यांना उत्तरपत्रिका ठेवायला जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड इथेच पडायची. न खपलेल्या ग्रंथांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते आणि फर्निचर म्हणून त्यांचा उत्तम उपयोग होत होता. जुन्या वजनमापांच्या इतिहासावर पाण्याचं पिंप उभं होतं, बोलीभाषांच्या दोन खंडांवर पाहुणे बसत. वर्षाला सहा संशोधनग्रंथ, प्रत्येकी तीनशे प्रती, एवढाच काय तो संसार. शिस्त मात्र कडक.

शिस्त म्हणजे दोन अभिप्रायांची. कुणाचंही बाड आलं की ते त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जायचं. लेखकाला परीक्षक कोण ते कळायचं नाही आणि परीक्षकाला लेखक कोण ते कळायचं नाही. दोघांनी होकार भरला तर बाड समितीपुढे, आणि समिती बसायची वर्षातून एकदा. पूर्वी लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत. मग लक्षात आलं, की मोठमोठे प्राध्यापक पान खिडकीकडे धरून पट्टीखालचं नाव वाचतात आणि माणूस आपल्यातला की त्यांच्यातला हे बघून मत ठरवतात. तेव्हापासून संपादिकेने खरीखुरी कात्री हातात घेतली. नाव, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, जागेचे उल्लेख, ‘माझ्या मागील लेखात म्हटल्याप्रमाणे’ असली शेखी, सगळं कापायचं आणि उरलेल्याच्या छायाप्रती काढायच्या. चाळिशीची, गळ्यात चष्मा लटकवणारी ही बाई विद्यापीठभर ‘कात्री’ म्हणूनच ओळखली जाई, आणि तिला ते ठाऊक होतं. तिच्या हातून एखादं नाव निसटलं असं कधी झालं नाही. यंदा जो घोळ झाला तो तिने नाव फार स्वच्छ कापलं म्हणून झाला.

ते बाड होतं चित्रबाईंचं.

चित्रबाई म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. मुलांनी दोन शब्दांचा एक केला आणि निवृत्तीनंतरही तोच चिकटून राहिला. त्यांचे यजमान विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि गवत या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांना सगळेच ‘सर’ म्हणत. सरांचा गवतांवरचा जाडजूड ग्रंथ याच प्रकाशन विभागाने काढला होता आणि त्यात त्यांनी एक नवीन जात जगापुढे मांडली होती. तांबड्या तुऱ्याचं एक गवत सगळ्यांना माहीत होतंच. त्याच्यासारखंच, पण फिकट तुऱ्याचं हे दुसरं. त्याला नाव सरांनीच दिलेलं. त्या फिकट गवताचा विषय निघाला की सरांचा आवाज मऊ व्हायचा.

त्या ग्रंथाची टंकलिखित प्रत बाईंनी केली, चित्रंही बाईंनीच काढली. सर खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. चौतीस वर्षांचा हा शिरस्ता. सरांचं स्वतःचं अक्षर असं होतं की त्यांचं त्यांनाच दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे.

पण बाईंना स्वतःचे डोळे होते. शाळेच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं. आतलं गवत माळी पंधरवड्याला कापायचा, बाहेरच्याकडे कुणी बघतही नसे. मधल्या सुट्टीत बाई तिथे बसून चित्रं काढायच्या. काढता काढता त्यांच्या लक्षात आलं, की कुंपणाखालून एकच मूळ दोन्हीकडे पसरलंय. बाहेर त्याला तांबडा तुरा येतो आणि आत, कापून पुन्हा फुटलं की, फिकट. म्हणजे दोन जाती नव्हेतच. एकच गवत; एकीकडे वाढू दिलेलं आणि एकीकडे सारखं छाटलेलं.

हे त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी एकदा जेवताना सरांना सांगितलंही होतं. सर म्हणाले, “अगं, तुझं लक्ष रंगाकडे. आम्ही रंगावर जात नसतो,” आणि भाजी वाढून घेतली. बाई मूग गिळून गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही घातली आणि पुढची अकरा वर्षं, शाळेची नोकरी संपेपर्यंत, त्या मैदानातल्या झाडून सगळ्या गवतांच्या नोंदी केल्या. निवृत्तीनंतर त्या नोंदींचं बाड झालं, दोनशे बारा पानांचं.

सर वाईट होते असं नाही. बाईंच्या दुखण्याखुपण्यात रात्र रात्र जागणारा माणूस. पण त्यांची एक खोड होती. बाईंनी काही लिहून दाखवलं की ते म्हणायचे, “दे इकडे, जरा नीट करून देतो.” आणि नीट होऊन परत यायचं तेव्हा त्यात बाईंचं काही शिल्लक नसायचं. मुलांसाठी लिहिलेला एक लेख असाच पहिल्या वर्षी दोघांच्या नावावर छापून आला आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा छापला तेव्हा सरांच्या एकट्याच्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

यावेळी बाईंनी ठरवलं, की हे बाड नीट होऊ द्यायचं नाही. माहेरच्या नावाने, धाकट्या भावाच्या पत्त्यावरून त्यांनी ते प्रकाशन विभागाकडे धाडलं. चित्रं एकही घातली नाहीत, कारण त्यांची रेघ सरांनी अंधारातही ओळखली असती.

भावाचं धाबं दणाणलं होतं. “ताई, भाऊजींना कळलं तर माझी काही धडगत नाही.”

“कळायचं कसं? परीक्षक विद्यापीठाबाहेरचा लागतो. नियमच आहे.”

नियम होता खरा. पण सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, म्हणजे नियमाने आता तेही बाहेरचेच. पहिला अभिप्राय एका दूरच्या संशोधन केंद्रातल्या बाईंनी दिला: काम चोख आहे, पण मी धान्यावर काम करते, गवतवाल्याला विचारा. संपादिकेने सगळीकडे पत्रं टाकली. एक गवतवाला परदेशी होता, तो उत्तर देईना. एक वारला होता. मग तिला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सर तर चार गल्ल्या पलीकडेच राहतात.

पाकीट आलं तेव्हा बाई मटार सोलत होत्या. सरांनी ते फोडलं, वरचं पान वाचलं. “‘एका मैदानातील गवते’. कुठलं मैदान कोण जाणे. कात्रीने ठेवलंय काय शिल्लक!” आणि चष्मा चढवून तिथेच वाचायला बसले.

बाईंनी सोललेले मटार सालांत टाकले आणि सालं पातेल्यात.

पुढचे चार दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. सर वाचता वाचता मोठ्याने वाचून दाखवायचे. “ऐक, ऐक. ‘हे गवत सकाळी दहानंतर बघू नये, ते तोवर आपलं खरं रूप आवरून बसतं.’ वा! शास्त्रीय भाषा नव्हे, पण बेटा डोळस आहे.”

“बेटा कशावरून? बाई असेल.”

“गवतात कोण बाई शिरतेय!” सर हसले. “शिस्त थोडी कमी आहे. कॉलेजात शिकलेला नाही हा. पण पायपीट केलीय पठ्ठ्याने.”

बाई ताटाकडे बघत जेवायच्या. चौतीस वर्षांत सरांनी त्यांच्या कुठल्या वाक्याला “वा” म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता दिवसातून पाच वेळा म्हणत होते, तर तोंडातून ब्र काढायची चोरी. खरं सांगून टाकलं तर बाड परत जाणार, समिती हुकणार आणि वर्ष वाया. त्याहून वाईट म्हणजे सर म्हणणार, “तुझं होय? मग दे इकडे.”

पाचव्या दिवशी सर चौथ्या प्रकरणाला पोचले. ते प्रकरण फिकट गवताचं होतं.

त्या दिवशी काही वाचून दाखवणं झालं नाही. सर जेवले नाहीत. संध्याकाळी फिरायला गेले ते अर्ध्या तासात परत आले. आणि सकाळी नऊ वाजता त्यांनी हाक मारली, “चल गं, अभिप्राय घे लिहून.”

बाई संगणकासमोर बसल्या. आपल्याच बाडाचा निकाल आपल्याच हाताने टाइप करायचा, असा प्रसंग कुणा लेखकावर आला असेल असं वाटत नाही.

सुरुवात बरी झाली. सरांनी पहिल्या तीन प्रकरणांची तोंडभर स्तुती केली. चित्रं नाहीत ही मोठी उणीव असून ‘या कामी माझ्या पत्नीचे नाव सुचवतो, तिचा हात चांगला आहे,’ असंही सांगितलं आणि वर विचारलं, “करशील ना? तेवढाच तुझा वेळ जाईल.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

मग सर खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. “चौथे प्रकरण. लिही. ‘या प्रकरणातील विधान निराधार आहे. लेखकास शास्त्रीय पद्धतीचे ज्ञान नसल्याने त्याने बाह्य रंगावरून निष्कर्ष काढला आहे. हे प्रकरण संपूर्ण वगळावे. न वगळल्यास ग्रंथ प्रकाशनयोग्य नाही.’ झालं?”

बाईंची बोटं थांबली नाहीत. त्यांच्या मनात आलं, एक ‘न’ इकडचा तिकडे केला तरी यांना पत्ता लागायचा नाही. टाइप केलेलं हे कधीच वाचत नाहीत, नुसती सही ठोकतात. चौतीस वर्षांचा विश्वास होता तो. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी सगळं जसंच्या तसं उतरवलं. राग तर इतका आला होता, की कळफलक उचलून आपटावा.

मग त्या म्हणाल्या, “एक विचारू? तुम्ही बघितलंत का?”

“काय?”

“त्याने लिहिलंय ते. मूळ खणून बघा म्हणतो ना तो.”

“मला सांगतेस? तीस वर्षांपूर्वी दोन्ही नमुने माझ्या हाताने वाळवलेत मी.”

“ते कापून आणलेले होते. मुळासकट नव्हते. चित्रं मी काढली होती ना, मला आठवतंय. एकाही चित्राला मूळ नाही.”

सर वळले. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंना वाटलं, आता कळलं यांना. पण विद्वान माणसाचं लक्ष विषयात असतं, समोरच्या माणसात नव्हे. सर म्हणाले, “असं कुंपण आता मी कुठे शोधत बसू?”

“आमच्या शाळेच्या मैदानाला आहे.”

“आहे का?” सर म्हणाले आणि खुरपं शोधायला गेले.

त्यांना परत यायला साडेअकरा झाले. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना माती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गड्डा. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, एरवी बाईंना कधी रुमालही ठेवू देत नसत तिथे. पाण्याने माती धुतली. एक मूळ, त्यातून डावीकडे तांबडे तुरे, उजवीकडे फिकट. त्यांनी भिंगातून बघितलं, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. मग खुर्चीवर बसले.

“सात ठिकाणी खणलं,” ते म्हणाले. “माळी ओरडायला लागला.”

बाईंनी पाणी दिलं. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण समोरच्या माणसाचं आयुष्यभराचं एक गवत त्या सकाळी नाहीसं झालं होतं, आणि त्यांना त्याची दया आली. अगदी मनापासून आली.

“तो परिच्छेद काढ,” सर म्हणाले. “नवीन घे. ‘चौथे प्रकरण हा या ग्रंथाचा गाभा आहे. मी स्वतः पडताळणी केली. माझ्या ग्रंथातील विधान चुकीचे होते, असे लेखकाने निःसंकोच लिहावे. त्याने उगाच आडवळणाने आणि नम्रपणे लिहिले आहे. त्याची गरज नाही.’” मग ते म्हणाले, “कोण आहे हा माणूस? भेटायला हवं एकदा.”

बाई म्हणाल्या, “टपालात टाकून येते.”

आठवड्याने भावाच्या पत्त्यावर चिठ्ठी आली: दोन्ही अभिप्राय अनुकूल, शनिवारी समिती, त्याआधी येऊन भेटावे. बाई गेल्या. संपादिकेने त्यांना बोलीभाषांच्या दुसऱ्या खंडावर बसवलं आणि चहा मागवला. ती खुशीत होती.

“बाई, दुसऱ्या परीक्षकाने तर कमाल केलीय. स्वतःची चूक लेखी कबूल करणारा परीक्षक मी सोळा वर्षांत पाहिला नाही. नाव अर्थात सांगता येणार नाही. पण चित्रांसाठी त्यांनी एक नाव सुचवलंय, तेवढं देते. इथेच राहतात त्या.” आणि तिने एक चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीवर बाईंचंच नाव होतं. सासरचं. खाली घरचा पत्ता.

गप्प राहता आलं असतं. चिठ्ठी पर्समध्ये टाकून घरी जायचं, शनिवार उलटू द्यायचा. पण या पोरीने सोळा वर्षं कात्री चालवली होती ती काय असल्या लपवाछपवीसाठी? बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“ही मीच.”

“म्हणजे?”

“लग्नाआधीचं नाव बाडावर आहे. लग्नानंतरचं या चिठ्ठीवर.”

संपादिकेने चिठ्ठी पाहिली, बाईंना पाहिलं, आणि तिचा चहाचा कप बशीत इतका जोरात आदळला की पलीकडच्या खोलीतून कारकुनाने डोकं काढलं. “अहो बाई! नवऱ्याकडून परीक्षण? माझी नोकरी जाईल!”

“त्यांना माहीत नव्हतं.”

“आणि तुम्हाला?”

“मीच टाइप केलं.”

संपादिका आ वासून बघत राहिली. मग हसू फुटलं, मग तिने डोकं धरलं, मग नियमांची पुस्तिका काढली. दोनदा वाचली. “‘परीक्षकास लेखक कोण हे ज्ञात नसावे.’ बस, एवढंच आहे. नातेवाइकांबद्दल अक्षर नाही. नवऱ्यालाही कळणार नाही असं होऊ शकतं, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार.”

“मग?”

“लपवणार मी नाही, हे आधी सांगते. अध्यक्षांना आत्ताच फोन करते.” फोन बराच वेळ चालला. ठेवल्यावर ती म्हणाली, “सरांनी सहीनिशी लिहून द्यायचं, की लेखक कोण ते त्यांना माहीत नव्हतं आणि अभिप्रायावर ते अजूनही ठाम आहेत. उद्या पाचपर्यंत. दिलं तर शनिवारी बाड समितीपुढे. नाही दिलं, तर अभिप्राय रद्द, नवीन परीक्षक, पुढचं वर्ष. आणि बाई, नवीन परीक्षक मी आणू कुठून?”

बाई घरी गेल्या. रस्ता चार गल्ल्यांचा. त्या दिवशी तो संपूच नये असं त्यांना वाटत होतं. बासष्ट वर्षांच्या बाईने चोरून काही केलं तर ते सांगायची पद्धत कुठे शिकवत नाहीत.

सर टेबलाशी होते. बाईंनी बसायचंही सोडून उभ्याउभ्या सगळं सांगितलं. माहेरचं नाव, भावाचा पत्ता, शाळेचं कुंपण, चिठ्ठी, उद्याचे पाच.

आधी सर चिडले. चांगले चिडले. “म्हणजे इतके दिवस तू मला खेळवत होतीस? मी इथे ‘वा’ म्हणतोय, ‘बेटा’ म्हणतोय, आणि तू समोर बसून...! अख्ख्या विद्यापीठात हसं होईल माझं. साधं मला दाखवता येत नव्हतं?”

“तुम्हाला दाखवलं असतं तर ते तुमचं झालं असतं.”

सरांनी टेबलावरचा पेन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“आणि दाखवलं होतं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो आवरला नाही. “पंधरा वर्षांपूर्वी, याच टेबलावर. ‘तुझं लक्ष रंगाकडे,’ म्हणालात. मला सारखं वाटायचं, वाचता वाचता तुम्ही थांबाल, वर बघाल आणि म्हणाल, अगं, ही तूच. एकदा तरी म्हणाल. दोनशे बारा पानं होती हो!”

सर तो पेन सरळ करत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तो पहिला परिच्छेद. निराधार वगैरे. तोही टाइप केलास?”

“हो.”

“जसाच्या तसा?”

“जसाच्या तसा.”

सर उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सकाळीही नाही. बाईंनी मनातल्या मनात पुढच्या वर्षाची तयारी केली. जाऊ दे, वहीत अजून बरंच आहे, असं स्वतःला सांगितलं. पण जीव टांगणीला लागला होता तो लागलाच होता.

दुपारी चारला सर बाहेर आले. हातात बंद पाकीट. त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. “देऊन ये.”

“काय लिहिलंय?”

“समितीला आहे ते. तुला नाही.”

बाई निघाल्या. पाकीट पातळ होतं. एकच कागद असणार. नकाराला एक कागद पुरतो, असं त्यांना वाटेत सारखं वाटत राहिलं. प्रकाशन विभागात पोचल्या तेव्हा पाचला दहा कमी होते आणि संपादिका दारातच उभी होती. तिने पाकीट फोडलं. एवढं वाईट अक्षर लावायला तिला वेळ लागला. ओठ हलत होते, कपाळाला आठ्या. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि कागद बाईंकडे दिला.

सरांनी लिहिलं होतं:

‘हे बाड माझ्याकडे आले तेव्हा ते माझ्या पत्नीचे आहे हे मला माहीत नव्हते. चौतीस वर्षे एका घरात राहून दोनशे बारा पानांत ते माझ्या ध्यानात आले नाही. हा दोष प्रकाशन विभागाचा नव्हे. माझा अभिप्राय मी कायम ठेवतो. तो निःपक्षपाती आहे काय, असे समितीने विचारल्यास माझे उत्तर असे: नाव दिसते तर मी हे वाचले नसते, चाळले असते. आणि चौथे प्रकरण काढून टाकायला सांगितले असते. तिने ते काढलेही असते.’

बाईंनी कागद दोनदा वाचला. शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा वाचलं. या माणसाला आपण कळलोच नाही, असं त्या कालपासून धरून बसल्या होत्या, आणि हे एवढं त्याला कुठून कळलं होतं? त्या मटकन गठ्ठ्यावर बसल्या आणि त्यांना रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, पलीकडचा कारकून बघतोय याची फिकीर न करता.

संपादिकेने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने हळूच विचारलं, “खरं आहे का हे, बाई? काढलं असतंत?”

“हो,” बाई म्हणाल्या. “काढलं असतं.”

संपादिकेने कागदावर तारखेचा शिक्का मारला, तो अभिप्रायाला टाचला आणि बाड शनिवारच्या गठ्ठ्यात ठेवलं.